कोंबडीचं तोंड

श्याओ मालकांनी उकडलेल्या कोंबडीची मान पंखाखाली दाबून बसवली. हात काढला, तशी ती पुन्हा वर आली.

"मुंडकं तोडूनच टाकू का?"

"खबरदार!" मालकीणबाई चुलीपासूनच ओरडल्या. "आत्ताच भूमिदेवापुढे ठेवून आणलीय. नैवेद्य असा मोडून वाढतात का?"

मालकांनी मान सोडून दिली. वर्षअखेरच्या जेवणात कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे, त्याने नव्या वर्षी कामावर यायचं नाही, हे शेतोऊ गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हल्ली असं कुणी कुणाला काढत नाही, पण माणसं बघायची ते बघतातच. मालकांना तर यंदा कुणालाच काढायचं नव्हतं. उलट एक बाई जाऊ नये म्हणून आठवडाभर त्यांना धड झोप नव्हती.

ती बाई म्हणजे मालकांच्या मोज्यांच्या कारखान्यातली बी-युन. मोजा बोटांपाशी जिथे बंद होतो, तिथली शिवण घालणारी. नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्याने तिला बोलावलंय, पगार इथल्याच्या दीडपट, ही बातमी गावभर झाली होती. बी-युनने मात्र तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

मालकांनी ताट गोल टेबलाच्या फिरत्या काचेवर ठेवलं आणि कोंबडीचं तोंड स्वतःच्या खुर्चीकडे वळवलं. कामगार येऊन बसले. मालकांची मुलगी यी-रू ताइपेला व्यवस्थापन शिकून आलेली. तिने बोनसची लाल पाकिटं वाटली आणि मग पिशवीतून एक फ्रेम काढली.

"यंदाच्या सर्वोत्तम कर्मचारी, बी-युन मावशी!"

टाळ्या पडल्या. बी-युनने प्रशस्तिपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"काच चांगली आहे हो," ती म्हणाली.

सगळे हसले. मालकांना हसू आलं नाही. पाकीट किती पातळ आहे, ते त्यांनाच ठाऊक होतं.

मग भलताच घोळ झाला. मासा होता मालकांच्या पुढ्यात. काच फिरवल्याशिवाय तो कुणाच्या हाताला लागेना, आणि काच फिरवली की कोंबडीही फिरणार. कोण कशाला हात लावतोय! जो तो आपल्या समोरची कोबी चावत बसला.

"मासा घ्या ना," मालक म्हणत राहिले.

"घेतो, घेतो," सगळे म्हणत राहिले.

शेवटी बी-युनने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि काच फिरवायला घेतली. मासा तिच्यापुढे आला, पुढे गेला, तरी ती थांबली नाही. कोंबडीचं तोंड बरोबर तिच्याकडे झालं, तेव्हा तिने हात काढून घेतला.

सगळे आधी कोंबडीकडे, मग मालकांकडे बघू लागले.

"तोंडाने बोलायचा धीर होईना, मालक," ती म्हणाली. "तिकडे हो म्हणून आलेय. पोरीची नर्सिंगची फी आहे. रागावू नका."

"रागावतो कशाला?" मालक म्हणाले, पण तेही ओरडूनच. जन्मभर यंत्रांच्या खडखडाटात बोललेला माणूस. हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही.

"बाबा, काहीतरी चांगलं बोला ना," यी-रू कुजबुजली.

मालक उठले. सगळ्यांना वाटलं, आता भाषण. त्यांनी पाय खुर्चीवर ठेवला आणि बूट काढला.

"अहो, जेवणात!" मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"हा हिने शिवलाय," मालक मोज्याकडे बोट दाखवत म्हणाले. "मला साखरेचा आजार आहे. बोटांना शिवण घासली की जखम, आणि जखम चिघळली की बोट गेलं. म्हणून इतकी वर्षं मी हिच्याच टोपलीतले जोड उचलतोय. दुसऱ्या कुणाचे पायात घालत नाही. शिवण आहे की नाही, बोटांना पत्ता लागत नाही. डॉक्टर दर वेळी विचारतात, मोजे कुठले म्हणून."

बी-युन त्यांच्या पायाकडे बघत राहिली.

"म्हणजे माझ्या टोपलीत जोड कमी भरायचे, ते तुमच्यामुळे? आणि वर मलाच ओरडायचात!"

"ओरडलो नसतो तर तुला कळलं असतं."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते तिने बाहीने पुसले.

"एकदा तरी सांगायचंत, मालक."

"सांगितलं की आता."

"आता!"

"मग थांबणार ना, मावशी?" यी-रूने आशेने विचारलं.

बी-युनने नकारार्थी मान हलवली. "कौतुक पोटभर झालं गं. फी त्याने भरत नाही."

"बरोबर बोलतेय ती," मालक म्हणाले. "जा तू. पोरीला शिकव." त्यांनी कोंबडीची तंगडी तोडून तिच्या वाटीत घातली.

बी-युनने तंगडीला हात लावला नाही. ती कसलासा हिशोब करत होती.

"नव्या वर्षाच्या सणापर्यंत आहे मी इथे," ती म्हणाली. "किती वर्षं जगायचा विचार आहे ते सांगा. तेवढे जोड शिवून ठेवते."

"अगं, सणाच्या तोंडावर काय बोलतेस हे!" मालकीणबाई ओरडल्या.

मालक बूट घालायला खाली वाकले होते. बराच वेळ बुटाची नाडी काही बांधून होईना.

"पुष्कळ," ते खालूनच म्हणाले.