मीटरवाल्याची बॅटरी आणि तीन घरं

"बाबा, अंधार पडल्यावर तुम्ही मला एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवाल का?"

हा प्रश्न घरी विचारून दाखवायची पैज लावली होती लंबू आणि शंका या दोन मैत्रिणींनी. लंबू म्हणाली होती, "पेनल्टी अडवतेस ना, मग घरी एवढं विचारून दाखव." शंकेला प्रत्येक गोष्टीत शंका येते म्हणून तिचं नाव शंका. ती म्हणाली, "नाही विचारणार ती." झालं. एवढं पुरे होतं. त्याच रात्री जेवताना आमच्या घरच्या गोलकीपरने घास गिळायच्या आधीच प्रश्न टाकला.

आईचा पाण्याचा पेला हातातच राहिला. बाबांनी ताटाकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं आणि विचारलं, "कुठल्या भागात?"

मित्रांनो (आणि मैत्रिणींनो, तुम्ही तर आधी), मी हे सगळं कपाटाच्या खालच्या खणात पडल्या पडल्या ऐकत होते. मी एक जुनी बॅटरी आहे. तीन सेलची, स्टीलची, हातभर लांब. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. पन्नाशीच्या आतबाहेर असलेल्या ज्या माणसाने "कुठल्या भागात?" असं विचारलं, त्याच्या हातात माझी सगळी हयात गेली. तो असं का म्हणाला, हे समजायला माझी गोष्ट ऐकावी लागेल.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सपाट पत्रा यंत्रात जायचा आणि नळी होऊन बाहेर यायचा. हातातून सटकू नये म्हणून माझ्या अंगावर रेघा पाडल्या. मग काच, मग काचेमागचा आरसा, शेवटी स्प्रिंग. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक बॅटरीला दहा वेळा लावायच्या आणि दहा वेळा विझवायच्या. मला त्यांनी अकराव्यांदा लावलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही बघ गं, कशी डोळे वटारते." ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी वीज कार्यालयात आले. माझ्या बुडाला लाल रंगाने आकडा घातला आणि मला एका नव्या कोऱ्या मीटरवाल्याच्या हाती दिलं. घरोघर जाऊन मीटरवरचे आकडे वहीत उतरवायचे, हे त्याचं काम. तुम्हाला वाटेल, बॅटरीची नोकरी रात्रीची. माझं उलटं होतं. मी दिवसा कामावर जायचे आणि रात्री खुंटीला टांगून घोरायचे, अगदी माणसासारखी. कारण मीटर राहतात जिन्याखाली, आणि जिन्याखाली भर दुपारीही अमावास्या असते.

मीटरवाल्यांचं एक म्हणणं होतं. नवा माणूस आला की जुना त्याला सांगायचा, "घर दारातून बघू नकोस, जिन्याखालून बघ. दाराला सगळेच रंग देतात, जिन्याखाली कोण देतो?" आम्ही सगळं शहर असं पाहिलं. कुठे जिन्याखाली मोडकी सायकल आणि कोळिष्टकं. कुठे भिंतीला ओल. एका ठिकाणी मीटरच्या पेटीवर मांजर व्यालेली होती. तिने आम्हाला तीन आठवडे आकडा बघू दिला नाही. शेवटी बाबांनी वहीत लिहिलं, "मांजर. पुढच्या खेपेला." साहेब चिडले, पण बाबा म्हणाले, "साहेब, तुम्ही जाऊन बघा." साहेब गेले नाहीत.

एकदा तर मी खरंच नाव काढलं. एका इमारतीत ओल्या भिंतीवर उघडी पडलेली वायर माझ्या उजेडात चमकली. बाबांनी वही खाली ठेवली, रबरी चप्पल आहे ना बघितलं आणि सरळ मेन स्विच पाडला. वरच्या मजल्यावरचे आजोबा पंखा बंद झाला म्हणून तावातावाने खाली आले. म्हणाले, "तुझं काम आकडे बघायचं. आमचा वारा बंद करायचं नाही." वायरमनने पेटी उघडली तर आत सगळी वायर जळून कोळसा झाली होती. आजोबांनी मला हातात घेतलं, धोतराच्या सोग्याने माझी काच पुसली आणि परत दिली. त्या पुसण्यावर मी पुढची कितीतरी वर्षं जगले.

मग नवे मीटर आले. ते आपला आकडा आपणच कार्यालयाला कळवतात. कुणी जिन्याखाली वाकायला नको. बाबांना टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, सुटायला रात्रीचे आठ मिळाले. आणि मला मिळाला खण. जुन्या किल्ल्या, दोऱ्याची गुंडी, मुदत संपलेली मलमाची ट्यूब आणि मी. वाईट याचं नाही की मला ठेवून दिलं. वाईट याचं की सेल आतच ठेवून दिले. ते पाझरले. माझ्या स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढली. मला वाटलं, आटोपला कारभार.

आता ताटाकडे परत चला. "कुठल्या भागात?" या उत्तरामागे एक अडचण होती. घरमालकाला आपल्या लेकासाठी घर रिकामं हवं होतं. हे घर शाळेच्या भिंतीला लागून, म्हणून सराव संपला की गोलकीपर दोन मिनिटांत घरात. नव्या घरी जायचं तर बस, आणि बसमधून उतरायला अंधार. बाबा आठपर्यंत टेबलाला बांधलेले. आई दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्यांत केसपेपर काढते, तीही तेव्हाच सुटते. न्यायला कोण येणार? म्हणून दोघांनी ठरवलं होतं, घर बदललं की फुटबॉल बंद. शाळेच्या संघात जागा मिळून गोलकीपरला जेमतेम चार महिने झाले होते.

बाबा म्हणाले, "तीन घरांचे पत्ते मिळवून ठेवले आहेत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतंय का बघ. मिळालं, तर फुटबॉलचं बोलू."

"म्हणजे घर आता ही ठरवणार?" आई म्हणाली. "मी तुमच्या घरी आले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणून तर तिला बघू दे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खण उघडला. "ही ने बरोबर. जिन्याखाली बघायला विसरू नकोस."

गोलकीपरने माझी बुरशी सँडपेपरने घासली. गुदगुल्या झाल्या. नवे सेल घातले, अंगठ्याने बटण सरकवलं, आणि मी लागले. शंकेला घेऊन घरं बघायला बरोबर निघालेली लंबू म्हणाली, "अगं, हिने डोळाच मारला."

पहिलं घर उंच इमारतींच्या वसाहतीत. गेट, गेटवर पहारेकरी, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे. पहारेकऱ्याने तिघींची नावं लिहून घेतली आणि बॅटरी कशाला म्हणून विचारलं. "मीटर बघायला," गोलकीपर म्हणाली. तो हसला, पण त्याने सोडलं. मित्रांनो, काय ती मीटरची खोली. कोरडी ठणठणीत, पेट्यांवर रंगवलेले आकडे, दारात पायपुसणं. नळाला दिवसभर पाणी. मी तर मनातल्या मनात सामान लावायलाच घेतलं.

तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना गोलकीपरने प्रश्न विचारला.

"आमच्या मुलीला? इथे? डोळे मिटून पाठवीन," ते म्हणाले.

त्यांच्या मागे बुटाची नाडी बांधत एक मुलगी बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, मला कधी पाठवलंय?"

"गरज पडली नाही ना बेटा. सगळं गेटवर येतं."

"गेटच्या बाहेर मी गाडीतूनच जाते," ती आमच्या गोलकीपरला म्हणाली. मग दार लागलं.

शंकेने दाराबाहेरच निकाल दिला, "आपण चुकीच्या माणसाला विचारतोय. बाबांना नाही, मुलीला विचारायचं."

बाहेर पडेपर्यंत अंधार झाला होता. गेटपासून बसस्टॉपपर्यंत रस्त्याच्या कडेने एक लांबच लांब भिंत होती. तिला दार नाही, खिडकी नाही, टपरी नाही. दिवे मात्र लखलखीत, पडलेली टाचणी दिसावी असे. तिघीजणी होत्या, तरी लंबूची बडबड बंद झाली. पावलं भराभर पडायला लागली. आणि त्या लख्ख उजेडात गोलकीपरने मला लावलं. मी गोंधळले. इथे माझं काय काम? सगळं तर दिसतंय. तिचा तळहात घामाने ओला झाला होता. इतकी वर्षं मी अंधार म्हणजे उजेड नसणं असं समजत आले होते. रस्त्यावर मला कधी कुणी लावलंच नव्हतं, मला कसं कळणार?

दुसऱ्या संध्याकाळी दुसरं घर, कारखान्यांच्या मागे. खोल्या ऐसपैस, मीटर बाहेरच्या भिंतीवर डोळ्यासमोर, त्यामुळे मला काही कामच नाही. पण ट्रक सारखे चालू, आणि खिडक्या उघडायची सोय नाही, कारण धुरळा. लंबूने खिडकीच्या काचेवर बोटाने आपलं नाव लिहिलं. दारात एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती.

"दुकानात जाते की मी," ती म्हणाली. "याला घेऊन जाते. येताना पळते."

"पळतेस का?"

तिने जरा विचार केला. "सवय आहे," ती म्हणाली.

शंकेने हे उत्तर वहीत लिहिलं आणि पुढे काहीच शेरा लिहिला नाही. तेही तिच्या बाबतीत नवलच.

तिसऱ्या संध्याकाळी तिसरं घर, जुन्या बाजाराच्या गल्लीत. खाली शिंपीकाकांचं दुकान, समोर सायकल दुरुस्त करणाऱ्या मावशी. पाणी सकाळी एकच तास. आणि जिन्याखाली? मी बघितलं आणि माझी काच थरारली. ओल. काळवंडलेली वायर. जळका वास. मी तीनदा लुकलुकले. मला ओरडता येत नाही, पण गोलकीपरला कळलं. "लंबू, भिंतीला हात लावू नकोस," ती म्हणाली. पोरीच्या अंगात बापाचं रक्त होतं. मी मनात या घरावर फुली मारून टाकली.

वरच्या मजल्यावरची मुलगी प्रश्न ऐकून वैतागली.

"एकटी? इथे एकटं कुणी असतं का? मी आठला क्लासहून येते. कोपऱ्यापासून जिन्यापर्यंत पाच जण विचारतात, जेवलीस का, उशीर का झाला, चष्म्याचा नंबर वाढला का. एकदा आइस्क्रीम खात येत होते. मी पोचायच्या आधी ते आईला कळलं होतं."

"मग भीती वाटत नाही?"

"आईची वाटते."

खाली आल्यावर गोलकीपर मैत्रिणींना म्हणाली, "तुम्ही बसस्टॉपवर थांबा. मी मागून एकटी येते."

दिवेलागण होऊन गेली होती. गल्लीच्या मध्यावरचा दिवा बंद होता. मी सावध झाले. सेल ताजे, काच पुसलेली, आता लागायचंच. मी अंगठ्याची वाट बघत होते. पण गोलकीपर मला कडीने झुलवत, काहीतरी गुणगुणत चालली होती. पायाने मशीन मारता मारताच शिंपीकाकांनी हाक दिली, "पोरी, पुढे एक फरशी निघालीय. डावीकडून जा." ती डावीकडून गेली. मावशींनी हातातलं चाक फिरवत विचारलं, "तू नवीन का गं?" ती म्हणाली, "अजून नाही." आणि बघता बघता बसस्टॉप आला.

तिने मला लावलंच नव्हतं. ती विसरली होती. मित्रांनो, खणात विसरली गेले तेव्हा मी खूप झुरले होते. पण हातात असताना विसरली गेले, तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू. आजोबांच्या धोतराचा सोगासुद्धा त्यापुढे फिका.

घरी आल्यावर बाबांनी पहिलाच प्रश्न केला, "जिन्याखाली काय आहे?"

खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "ओल आहे. वायर काळी पडलीय. वास येतो."

"मग विषय संपला."

"बाबा, वायर बदलता येते. तुम्हीच कितीतरी बदलायला लावल्या आहेत. ती लांब भिंत कशी बदलणार? तिला दारं कोण पाडणार? तिथे दिवे होते तरी मी बॅटरी लावली. गल्लीत दिवा नव्हता, तरी लावली नाही. मला ते आत्ता घरी आल्यावर लक्षात आलं."

बाबांनी मला टेबलावरून उचललं आणि बुडावरचा लाल आकडा अंगठ्याने पुसला. सव्वीस वर्षं जिन्याखाली वाकलेला माणूस तो.

आई म्हणाली, "आणि पाणी? एक तासात पिंप कोण भरणार? मला दवाखान्यात सातला पोचायचं असतं."

मित्रांनो, उत्तर यायच्या आधी माझं एवढं ऐका. मला ठेवून देताना सेल काढून ठेवा. एवढीच काळजी घेतली की आम्ही जुन्या वस्तू हवं तेव्हा पुन्हा उठतो. आणि कधी घर बघायला गेलात, तर जिन्याखाली जरूर वाका, पण मग ताठ उभे राहा आणि गल्लीतल्या एखाद्या मुलीला विचारा. माझ्यापेक्षा लांबचं तिला दिसतं.

गोलकीपर उभी राहिली. पेनल्टीच्या वेळी राहते तशी, पाय फाकवून.

"आई, बाबा, मी ठरवलंय. गल्लीतलं घर घ्यायचं. आधी वायर बदलायची, तोपर्यंत एक खुर्चीसुद्धा हलणार नाही. पाणी सकाळी उठून मी भरणार. फुटबॉल चालू राहणार. आणि बसस्टॉपपासून घरापर्यंत मी एकटी येणार, कुणीही न्यायला यायचं नाही. बॅटरी दप्तरात असेल. सेल काढून ठेवलेली."