घरची सेवा

विद्यापीठ मोठं, तसे त्याचे नखरेही मोठे. डॉक्टरकीच्या प्रवेशाला नुसते मार्क पुरत नव्हते. एखाद्या संस्थेत वर्षभर रुग्णसेवा केल्याचा दाखला लागायचा. धाकटीकडे मार्क होते. सेवेचं म्हणाल, तर अर्धांगवायूने आडव्या झालेल्या बाबांना तीच रोज भरवायची. पाठीला उशी, हनुवटी खाली, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. पण खिडकीतल्या कारकुनाने मान हलवली. "घरची सेवा धरत नाहीत." आता बोला!

बाबा जन्मभर बस चालवलेला माणूस, थट्टेखोर. अर्ध्या तोंडाने हसले. "मग मला टाका की संस्थेत. तिथे येऊन भरव. म्हणजे धरतील."

"काहीतरीच काय बोलता!" आई खेकसली. पण विषय काही मिटेना, आणि शेवटी बाबांना एका शुश्रूषागृहात खाट मिळाली आणि धाकटीला तिथेच वर्षभराची सेवा. धाकटीला मनातून आनंदच झाला, खोटं कशाला बोला?

पहिल्याच दिवशी मेट्रनबाईंनी तिचं आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "नातेवाइकाच्या मजल्यावर ड्यूटी देत नाही आम्ही. तू वर जा."

झालं! बाबा खाली, लेक वर. वर एक थकलेले मास्तर होते, त्यांना ती भरवायची. खाली बाबांना भरवायला आया होती. धाकटीने तिला उशीचं, हनुवटीचं सगळं समजावलं, पण आया सारख्या बदलायच्या. ड्यूटी संपवून ती धावत खाली येई, तेव्हा बाबांचं जेवण उरकलेलं असे.

"बाबा, घरी जायचं का?"

"गप गं. वर्ष भरायला थोडंच तर राहिलंय. मी काय पळून चाललोय?"

एका संध्याकाळी मास्तरांना ती पेज भरवत होती आणि खाली एकदम धावपळ ऐकू आली. ती उठायला लागली. पण ड्यूटी अर्धवट टाकली तर दाखला गेला. दुसऱ्या कुणाचं तरी असेल, असं तिने स्वतःला बजावलं, आणि मास्तरांच्या तोंडात चमचा घातला. वाटी रिकामी होत आली तेव्हा मेट्रनबाई स्वतः वर आल्या आणि त्यांनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

नव्या आयाने बाबांना उताणं ठेवूनच भरवलं होतं. घास श्वासनलिकेत गेला.

दाखला उत्तम मिळाला. मुलाखतीला तिघे प्राध्यापक होते. मास्तरांना कसं भरवायची ते तिने नीट सांगितलं: पाठीला उशी, हनुवटी खाली. तिघंही खूश झाले.

"घरी कुणी आजारी वगैरे?" मधल्यांनी विचारलं.

"आता नाही."

"बरं झालं. इथे आलं की घराकडे बघायला सवड मिळत नाही."

"हो सर," धाकटी म्हणाली.