पन्नाशीपुढच्या गटातली तिसरी

नदीकाठच्या आमच्या क्लबात चहाच्या टेबलामागे एक लाकडी फळा आहे. वेकबोर्डिंगच्या, म्हणजे बोटीला बांधलेली दोरी धरून फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायच्या स्पर्धेत दर वर्षी जे जिंकतात त्यांची नावं त्यावर सोनेरी रंगात लिहितात, आणि ती मी लिहिते, कारण बाकीच्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नाव लिहून झालं की खाली पुढच्या वर्षासाठी पेन्सिलीनं एक रेघ मारून ठेवायची, ही माझीच पद्धत. ‘महिला, पन्नाशीपुढे’ हा रकानाही मीच रंगवला. तो गट मिळावा म्हणून सभांमध्ये भांडून भांडून माझा घसा बसला होता. गट मिळाला, रकाना मात्र आजवर कोराच होता.

कारण तीन जणी नसतील तर गट भरत नाही. ज्या असतील त्यांना खालच्या, म्हणजे तिशीपुढच्या गटात ढकलतात. आम्ही कायम दोघीच, मी आणि कोरल. मी अठ्ठावन्नची, ती त्रेसष्टची, आणि तिचा एक गुडघा कारखान्यात बनलेला. दर मार्चमध्ये एकतीस-बत्तीसच्या पोरी बोटीमागच्या लाटेवरून हवेत कोलांट्या मारायच्या आणि आम्ही दोघी शेवटून पहिल्या यायचो. मग कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणायचं, “या वयात किती कौतुकाचं आहे हे.” त्या थापेपेक्षा थोबाडीत परवडली.

यंदा मला तो गट हवाच होता. हिवाळ्यात माझ्या खांद्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर बोटीची दोरी हातात धरायची नाही, असं डॉक्टरनं बजावलंय. म्हणजे हा शेवटचा हंगाम. त्या फळ्यावर एकदा माझं नाव माझ्या हातानं लिहावं, एवढीच इच्छा होती. कोरलला मी नेहमीच हरवते आणि तिला त्याचं काही नाही. “तू जिंक गं,” ती म्हणाली, “मला फक्त त्या पोरींच्या पाठोपाठ पाण्यात उतरायचं नाही. लाज वाटते.” प्रश्न तिसरीचा होता.

कोरलनं फेसबुकवर टाकलं: पन्नाशीची एक बाई हवी, पाण्यावर उभं राहता आलं तरी पुरे. आम्हाला वाटलं, एखादी निवृत्त शिक्षिका येईल. आली डनेल.

डनेलनं तरुणपणी परदेशातल्या स्पर्धांवर पोट भरलेलं. गेल्या वर्षी ती तिशीच्या गटात दुसरी आली होती. अजून एकोणपन्नासचीच, पण वय मोजतात ते वर्षाच्या अखेरचं, आणि नोव्हेंबरात तिला पन्नास पूर्ण होणार. नियमात अगदी चपखल बसत होती. आम्ही आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

स्पर्धेच्या सकाळी वॉरविकनं मला बाजूला घेतलं. स्पर्धा तोच भरवतो, आणि सॉसेजही तोच भाजतो.

“ग्लेनिस, तुला खुपत असेल तर मी तिला तिशीत खेळायला सांगतो. ती नाही म्हणणार नाही.”

“मग आमचा गट?”

“तो कसा भरेल? तुम्ही दोघीही तिशीत.”

“वा रे वा. ती हवी तर हरा, ती नको तर शेवटून या.”

“नियम तूच मागितला होतास ना?”

“मी बरोबरीच्या बायकांशी खेळायला मागितलं होतं.”

“तू वय मागितलंस, बाई. वयच दिलं.” तो कांदा परतत राहिला.

इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, राहू दे तिला. पाणी कोणाचं सगं नसतं, दोनदा पडलं की फेरी संपते, आणि पडायचं तर तीही पडेल. तरी राहवलं नाही म्हणून तिच्या गाडीपाशी गेले.

“तुला इथे कशाला यायचं होतं गं?”

“तुम्हीच बोलावलंत की,” ती पाठीला पट्टा बांधत म्हणाली. “माझीही पाठ गेलीये. तिशीत एकतीसची पोरगी मला हरवते. मी कुठे जायचं?”

“मी तुझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी आहे.”

“आणि मी तिच्यापेक्षा अठरा.”

तिचं गणित बरोबर होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

कोरल दोनदा पडली आणि हसत हसत काठावर आली. मग मी. बोट माझा नवरा नेव्हिल चालवत होता. मी एका लाटेवरून उडाले ते थेट पलीकडच्या लाटेवर उतरले. परतताना हवेत अर्धी गिरकी घेतली. खांद्यातून कळ मस्तकात गेली, पण दोरी सोडली नाही. एकदाही पडले नाही. काठावर टाळ्या वाजल्या, आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या, खऱ्या होत्या. इतकं चांगलं मी कधीच खेळले नव्हते.

मग डनेल उतरली. तिला एक कोलांटी पुरली असती. तिनं चार मारल्या.

बक्षिसं झाल्यावर ती कप घेऊन माझ्याकडे आली. बिचारी चांगली आहे, तेच तर अवघड.

“खरं सांगू? इथे जिंकून काहीच वाटलं नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी मी परत तिशीतच उतरते.”

“मला वाटलं असतं,” मी म्हटलं.



दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढले आणि कोऱ्या रकान्यात सोनेरी रंगानं तिचं नाव लिहिलं. खांदा दुखत होता, तरी अक्षर वाकडं येऊ दिलं नाही. कोरल स्टूल धरून उभी होती. तिनं पेन्सिल वर केली.

“खालची रेघ राहिली गं.”

“कोणासाठी?” मी म्हटलं, आणि रंगाच्या डबीचं झाकण लावलं.