तिथीची पाऊणपट

हेमांगीच्या नोकरीला तिच्या आईने कधी नावं ठेवली नाहीत, कारण ती नोकरी नेमकी कसली हे आईला कधी कळलंच नाही. कणकवलीहून फोन आला की ती विचारायची, "अजून खेळच का गं?" हेमांगी हो म्हणायची. मग दोघी हर्षदच्या, म्हणजे हेमांगीच्या भावाच्या, मुलांविषयी बोलायच्या.

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली ही मुलगी अंधेरीतल्या एका लहान कंपनीत तराजू धरून बसायची. कंपनी मोबाइलवरचा एक खेळ तयार करत होती, 'पंचविद्या' नावाचा. दोन खेळाडू, मध्ये डोंगर, बेटं आणि बंदरं असलेला पट. प्रत्येकाने पाचांतली एक विद्या निवडायची. सैन्य हलवायचा प्रत्येक विद्येचा मंत्र वेगळा. वायुविद्येची झेप डोंगर ओलांडायची. भूविद्या भुयार खणायची. अग्निविद्येचं सैन्य भराभर पुढे जायचं, पण मागची वाट जाळत जायचं, त्यामुळे त्याला परत फिरता येत नसे. छायाविद्या शत्रूशी जागा बदलून घ्यायची. आणि जलविद्येची भरती सैन्याला एका बंदरातून उचलून दुसऱ्या बंदरात ठेवायची. पाचांपैकी कुठलीच विद्या दुसरीला भारी पडू नये, हे बघणं हेमांगीचं काम. शंभर सामन्यांत प्रत्येकीने साधारण पन्नास जिंकले म्हणजे ते नीट झालं.

गेले सहा महिने दीडशेएक लोक चाचणी म्हणून खेळत होते. चार विद्या अठ्ठेचाळीस ते बावन्नच्या दरम्यान होत्या. जलविद्या पासष्टवर गेली होती.

सोमवारच्या बैठकीत कृणालने तो आकडा भिंतीवरच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. कृणाल तिच्याहून चार वर्षांनी लहान आणि तिचा वरिष्ठ, मुलुंडचा, बोलायला तडफदार आणि मनाने वाईट नसलेला. त्याने सामने उघडून पाहिले होते. जलविद्या जिंकते, कारण तिचं सैन्य मरतच नाही. शत्रू जवळ आला की भरतीवर बसून घरी येतं. उपाय त्याच्याकडे तयार होता.

"परतीची भरती काढून टाक. जाताना पाण्यावरून जा, येताना पायी ये. एका ओळीचं काम आहे. शुक्रवारी नवी आवृत्ती जातेय, त्यात टाकू."

हेमांगीने मान डोलावली. ती बैठकीत नेहमी मानच डोलवायची.

तिने कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट होती. भरतीचा मंत्र किती घरं नेतो हे बाकी सगळ्यांच्या मते नशिबावर होतं. कधी नऊ, कधी दोन. पण ते नशीब नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो मंत्र लिहिताना तिने त्यात खरा समुद्र घातला होता. सामना ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवसाची तिथी, पुढे प्रत्येक डावाला एक तिथी. उधाणाला मंत्र लांब न्यायचा, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला, जवळच सोडायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला गरजही नव्हती. तिच्या वडिलांना तो हिशेब येत होता, एवढंच कारण.

बाबा गिरणीत होते. गिरणी गेल्यावर भांडुपला एका सोसायटीच्या फाटकावर बसायचे. गाव देवगडजवळचं. भांडुपच्या खोलीतून समुद्र दिसायचा प्रश्नच नव्हता, पण कॅलेंडरकडे बघून ते म्हणायचे, आज पंचमी, पावणेचारला भरती. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पाणी भरतं. लहानपणी पाऊणकीचा पाढा हेमांगी त्यातूनच शिकली. बाबा गेले, आई हर्षदकडे राहायला गेली. खोली विकून घेतलेल्या दोन खोल्यांच्या घरात आता हेमांगी एकटी राहायची आणि कॅलेंडर तेवढं आठवणीने लावायची.

मंगळवारी तिने जलविद्येचे सामने खात्यांप्रमाणे वेगळे केले. सहाशे बारा सामने. त्यांतले तीनशे ऐंशी एकाच खात्याचे. ते खातं वगळलं की जलविद्या पन्नास टक्क्यांवर येत होती, अगदी काट्यावर. म्हणजे मंत्र भारी नव्हता, एक माणूस भारी होता. खात्याचं नाव 'मालन दांडा'.

हे सामने कधी खेळले गेले हे बघावं म्हणून तिने आलेख काढला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर सामना सुरू झाल्याची वेळ. पडद्यावर ठिपके उमटले आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला. ठिपके विखुरलेले नव्हते. तिरक्या ओळी होत्या, दुरेघी वही कुणी कलती धरावी तशा. एका दिवशी पाऊण वाजता, दुसऱ्या दिवशी दीड, मग सव्वादोन, तीन, पावणेचार. रोज पाऊण तास उशिरा. पंधरा दिवसांनी पुन्हा पाऊण.

ती बराच वेळ त्या ओळींकडे बघत बसली. शेजारच्या टेबलावरच्या श्रुतिकाने चहाला येतेस का विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली. नेहमीही नाहीच म्हणायची, पण आज तिला खरंच उठवत नव्हतं.

मग तिला एक तक्रार आठवली. चाचणीच्या दुसऱ्याच महिन्यात याच खात्यावरून तक्रारपेटीत एक ओळ आली होती: 'उधाण पौर्णिमेला नाय, बीजेला. दुरुस्त करा.' कृणालने ती वाचून हसून सोडून दिली होती. हेमांगीने घरी जाऊन भरतीची कोष्टकं काढली. पुस्तकात पौर्णिमा आणि अमावास्या, म्हणून तिने तेच लिहिलं होतं. प्रत्यक्षात सगळ्यात मोठं पाणी एकदोन दिवसांनी येत होतं. चंद्र ओढतो, पण एवढा समुद्र हलायला वेळ घेतो. तिने गुपचूप दोन ओळी बदलल्या होत्या. तक्रार करणाऱ्याला ठरावीक उत्तर गेलं होतं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

त्या तक्रारीखाली फोन नंबर होता. संपर्क करण्यास हरकत नाही, या चौकटीत खूणही होती. बुधवारी दुपारी हेमांगी जिन्यात जाऊन उभी राहिली. लोकांना फोन करायची तिला सवय नव्हती. काय बोलायचं ते तिने कागदावर लिहून घेतलं होतं.

"कोन?" पलीकडून बाईचा आवाज आला, साठीच्या पुढचा, खणखणीत.

पंचविद्या खेळ बनवणाऱ्या कंपनीतून बोलतेय, असं हेमांगी म्हणाली.

"बंद करायला लागले काय?"

"नाही, नाही. तुम्ही बीजेबद्दल लिहिलं होतं ना, ते बरोबर होतं. मी दुरुस्त केलं. तेच सांगायचं होतं."

"ते कललं मला. दुसऱ्याच दिवशी कललं." बाई हसली. "तू शालेत शिकलेली दिसतेस. पुस्तकवाले सगले पौर्णिमाच सांगतात."

मालन खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. गेम तिच्या फोनमध्ये भाचीने, ऋतिकाने, टाकून दिला होता, मावशीचा वेळ जावा म्हणून. पहिल्या आठवड्यात ती नुसती हरली. मग एकदा तिच्या लक्षात आलं की, ज्या दिवशी दारापुढे पाणी वर येतं त्या दिवशी फोनमधलं पाणीही लांब जातं. हे सांगताना तिला त्यात नवल वाटत नव्हतं. पाणी म्हटलं की ते असंच वागणार.

कागदावरचा शेवटचा प्रश्न हेमांगीने वाचूनच विचारला. तुम्ही रोज भरतीच्या वेळेलाच का खेळता?

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"आमचे हे तांडेल होते," मालन म्हणाली. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, हे मुंबईत वाढलेल्या हेमांगीला माहीत होतं. "भरती आली की बोट लागायची. मी टोपली घेऊन बंदरावर. तीस वर्सं. आता तीन वर्सं झाली, ते नाय, बोट पन नाय. पन टायम झाला की पाय वलवलतात. जाऊन उभी राहिले तर लोक बगतात, ही कोनाची वाट बघते म्हनून. मग घरीच बसते, तुमची मानसं पाठवते आनि आनते."

हेमांगीला पुढचं विचारायचं नव्हतं, पण ज्यासाठी फोन केला होता ते तेच होतं.

"समजा आम्ही नियम बदलला. भरतीवरून जाता येईल, पण परत येता येणार नाही. तर?"

मालनने विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

"मग मी पाठवनारच नाय, बाय."

त्या संध्याकाळी हेमांगी भांडुपला घरी आली, कुकर लावला आणि तो थंड होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहिली. तिच्यापुढे दोन सोपे रस्ते होते. कृणाल म्हणाला तशी एक ओळ खोडायची. किंवा ते खातं अपवाद म्हणून आकड्यांतून काढायचं आणि पन्नास टक्के दाखवायचे. दुसरा रस्ता तिला फार हवासा वाटत होता, आणि म्हणूनच तिचा त्याच्यावर विश्वास बसेना. एखादा ठिपका आपल्याला आवडतो म्हणून आलेखातून उचलायचा नसतो. शिवाय ते खोटंही होतं. एका बाईला जे कळलं ते उद्या हजारांना कळलं असतं. दोष मंत्रात नव्हता, मालनमध्येही नव्हता. नियम होता आणि तो कुणाला दिसत नव्हता. तो लपवला होता तिने स्वतः.

म्हणजे तिसरा रस्ताच खरा होता. पटाच्या कोपऱ्यात चंद्राचं चक्र टाकायचं, आजची तिथी आणि भरती किती घरं नेईल ते दोन्ही खेळाडूंना दाखवायचं. समोरच्यालाही उधाण दिसलं तर तो बंदर अडवून बसेल. परतीची वाट राहील, पण मालनची जीत जाईल. आणि दोन वर्षांत ज्या एका माणसाने तिचा समुद्र ओळखला होता, ते माणूस कदाचित उठून जाईल.

शुक्रवारी तिने आलेख कृणालपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, बाबांचं सोडून. तो तिरक्या ओळींवरून बोट फिरवत राहिला.

"एकच बाई आहे ही?"

"एकच."

"आणि हा समुद्र तू दोन वर्षांपूर्वी घातलास?"

"हो."

"यार हेमांगी, मग कुणाला बोलली का नाहीस?"

तिने खरोखर आठवून पाहिलं. "कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. तिला त्यात टोमणा मारायचा नव्हता. कृणालने आलेख पुन्हा आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, चक्र टाक, दोन आठवडे बघू, जमलं नाही तर परतीची भरती काढू.

जमलं. आठवडाभरात जलविद्या छप्पन्नवर आली, मग त्रेपन्नवर. नव्या खेळाडूंना चक्र आवडलं. कुणी आजीला विचारून तिथ्या शिकत होतं, कुणी बीजेची वाट बघत सामना लांबवत होतं. कृणालने सगळ्यांसाठी समोसे मागवले आणि हेमांगीचं नाव घेऊन कौतुक केलं. तिने मान डोलावली.

मालन पहिल्या दिवशी हरली. दुसऱ्या दिवशी हरली. तिसऱ्या दिवशी तिच्या परतीच्या बंदरावर शत्रू आधीच येऊन बसला होता आणि सबंध सैन्य पाण्यावर अडकलं. चौथ्या दिवशी ठिपका उमटला नाही. पाचव्याही नाही.

हेमांगी रोज सकाळी तिथीची पाऊणपट करायची आणि त्या वेळी पडद्याकडे बघायची. तिरकी ओळ मध्येच तुटली होती, आणि पुढे नुसता पांढरा कागद होता. नंबर तिच्याकडे होता. पण फोन करून काय सांगणार? मीच तुमचं पाणी सगळ्यांना दाखवलं, असं? कामाचं कारण संपलं होतं आणि दुसऱ्या कारणाने फोन करण्याइतकी त्यांची ओळख नव्हती. दोनदा ती जिन्यापर्यंत जाऊन परत आली. घरी कॅलेंडरवरच्या तिथ्या मात्र पुढे सरकत होत्या. एकादशी गेली, चतुर्दशी गेली.

अमावास्येनंतरच्या बीजेला दुपारी दीड वाजता ठिपका आला.

तिने तो सामना डाव-डाव करून बघितला. मालनने लढाई अशी केलीच नाही. तिने एकच तुकडी बाहेर पाठवली, लांबच्या बेटापर्यंत नेली आणि शत्रू बंदर अडवायच्या आत परत आणली. मग पुन्हा पाठवली, पुन्हा आणली. सामना ती हरली. शेवटच्या डावाला तिची सगळी माणसं घरच्या बंदरात होती.

थोड्या वेळाने तक्रारपेटीत एक ओळ आली. 'चक्रातलं अक्षर बारीक हाय. तिथी दिसत नाय. डोलं फुटले बघून बघून. आता चष्मा बदलला, तरी दुरुस्त करा.'

हेमांगीने ती तीनदा वाचली. मग अक्षर चार मापं मोठं केलं. चक्राच्या घरात ते मावेना, म्हणून चक्रही मोठं केलं. मानसी, जी खेळाची चित्रं काढायची, म्हणाली की कोपरा आता फार जड दिसतोय. हेमांगी म्हणाली, राहू दे. ती असं कधी म्हणत नसे, त्यामुळे मानसीने राहू दिलं.

उत्तराच्या चौकटीत ठरावीक वाक्य आपोआप उमटलं होतं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. त्याच्यापुढे काही लिहावं असं तिला वाटलं. तिने लिहिलं, 'मोठं केलं.' आणखी काही सुचतंय का म्हणून थांबली. मग तेवढंच पाठवलं.

चार दिवसांनी षष्ठी होती. साडेचारला हेमांगी जागेवरून उठून खिडकीशी गेली. कचेरी अंधेरी पूर्वेला, सहाव्या मजल्यावर. समोर मेट्रोचा पूल, त्यामागे काचेच्या इमारती, आणि त्यांच्याही मागे कुठेतरी, इथून न दिसणारं, पाणी वर येत होतं. ती दहा मिनिटं तिथे उभी राहिली. परत आली तेव्हा आलेखावर ठिपका पडलेला होता.