फरक स्पष्ट करा

दुर्गाबाईंनी टबातलं कमळाचं पान बोटाने दाबलं, तर त्याखालून पानाचाच एक इवलासा तुकडा निघाला आणि चालायला लागला.

“अहो, इकडे या. पान चालतंय!”

वारज्यातल्या त्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नागोराव लिंबाच्या कुंडीपुढे स्टूल टाकून बसले होते. फांदीला नीलवंताचा कोष होता. तळहाताएवढं ते काळं-निळं फुलपाखरू कोषातून बाहेर पडताना एकदा तरी बघायचं, हा त्यांचा तीन वर्षांचा ध्यास. दोनदा हुकलं होतं.

“कीड असेल. काढून टाक.”

“तुमचं ते फुलपाखरू आणि माझी ती कीड! वा रे न्याय! तीन वर्षं त्या कुंडीपाशी चहा आणून देतेय. एकदा माझं बघा की.”

नागोराव भिंग आणि वही घेऊन मुकाट्याने आले, टबावर वाकले.

“अगं, पानाचे दोन तुकडे कापून शिवलेत! आत अळी आहे. पाण्यातच वाढते, मग तिचा नखाएवढा पतंग होतो.”

निवृत्त झाले तरी त्यांच्यातला विज्ञानाचा मास्तर काही गेला नव्हता. भिंग बाईंच्या हाती देऊन त्यांनी वहीत मधोमध रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘फरक स्पष्ट करा’. डावीकडे नीलवंत, उजवीकडे पतंग. उजवी बाजू भराभर भरू लागली.

दुर्गाबाईंनी सहज मागे पाहिलं. कोष फुटला होता. चुरगळलेले ओले पंख उलगडत होते.

हाक मारायला हवी होती. पण इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच त्यांच्या टबात डोकं खुपसून बसला होता. त्यांनी भिंग तसंच धरून ठेवलं. तासाभराने फुलपाखरू उठलं, टबावरून गिरकी घेऊन समोरच्या इमारतीमागे गेलं. नागोरावांनी मान वर केली नाही.

मग मात्र बाईंना राहवेना.

“अहो, चुकलं माझं. तुमचं ते बाहेर आलं, उडूनही गेलं. मी बघितलं आणि बोलले नाही.”

त्यांनी नुसती वही पुढे केली. उजवी बाजू गच्च भरली होती. डावीकडे एकच ओळ: ‘उडालं, ११.३५’.

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं?”

“टबाच्या पाण्यात दिसलं.”

“मग वर का नाही बघितलंत?”

“वर बघितलं असतं तर ही रुसली असती.”

“ही म्हणजे? अळी?”

“भिंग धर नीट,” नागोराव पुन्हा वाकत म्हणाले, “हात हलतोय तुझा.”