दुसऱ्या पट्ट्याआधी

अख्खं कतार पावसासाठी हात वर करून बसलं होतं, तेव्हा मी एकटाच मनात म्हणत होतो, नको रे बाबा, निदान आज तरी नको. नोव्हेंबर अर्धा सरला तरी थेंब नव्हता. या दिवसांना इथले लोक वसमी म्हणतात. वसमीचा पाऊस झाला तर वाळवंटात चारा उगवतो, विहिरींचं पाणी जरा गोडावतं, म्हणून मशिदींतून पावसासाठी नमाजही झाली होती. त्यांचं बरोबरच होतं. पण मी कणकवलीकडचा माणूस, पावसाचं कौतुक मला कुणी सांगू नये. आणि इथला पाऊस मोठा लहरी. येत नाही तर येत नाही, आणि आला की त्याला जायला वाटच नसते. पिकअप मी चालवतो, त्यामुळे ते पाणी रस्त्यात मलाच भेटतं.

माझे खोलीतले सोबती पोपटराव मात्र जत तालुक्यातले. आभाळात कापसाएवढा ढग दिसला तरी हा माणूस दारात जाऊन उभा राहतो. उम्म सलाल मोहम्मद या गावात आम्ही एका खोलीत राहतो आणि एकाच कंपनीत आहोत. ते पंपाचे मिस्त्री, आणि मी त्यांना नि त्यांच्या हत्यारांना घेऊन शेतीच्या फार्मांवर फिरणारा. शहरात, मुशैरिबच्या ऑफिसात आमचा कोऑर्डिनेटर पियूष बसतो. पुण्याचा पोरगा आहे, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, आम्हाला काका म्हणतो. तो रोज सकाळी ग्रुपवर हवामानाचा अंदाज टाकायचा.

त्या गुरुवारी त्यानं टाकलं की आज दोन फ्रंट, म्हणजे पावसाळी ढगांचे पट्टे, जाणार. पहिला सकाळी, किरकोळ. दुसरा संध्याकाळी, वारा, गडगडाट, गारा आणि मोठा पाऊस, तरी सखल भागात कुणी थांबू नये. पोपटरावांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, पट्टा येतोय हरिदास, चांगला जाड पट्टा येतोय. मी म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो, पण माझ्या गाडीत पाणी पडू नये.

नेमकं त्याच दिवशी आमचं काम सखल भागात. उम्म सलालच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून कच्च्यानं आत गेलं की एक फार्म लागतो. इथं माती असते ती खोलगट जागेतच, कारण वर्षानुवर्षं पाणी तिथंच येऊन साचतं. म्हणून शेत खड्ड्यात, आणि पंपघर त्या खड्ड्याच्या तळाशी. फार्मवर जाताना एक ओघळ ओलांडावा लागतो. एरवी तो कोरडा ठणठणीत, बकऱ्या बसलेल्या असतात.

पंपघरावर नवा राखणदार होता, मन्सूर. मुलतानकडचा, आमच्याच वयाचा, दाढीला मेंदी लावलेला. माणूस भारी कामसू. मालकानं त्याला बजावलं होतं की मिस्त्री आल्याशिवाय पंपाला कुणाचा हात लागता कामा नये, आणि मिस्त्री आला की त्याच्या सोबत राहायचं. तो पोपटरावांच्या सोबत असा राहिला, की पान्याला हात घालण्याआधी पाना हजर. मध्ये पहिला पट्टा येऊन गेला. धूळ उडाली, चार टपोरे थेंब पडले, मातीचा वास आला आणि संपलं. पोपटराव पंप सोडून बाहेर जाऊन उभे राहिले आणि मन्सूरही त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला. दोघं दुष्काळी मुलखातले, हसत होते पोरांसारखे.

पंपाचं सील गेलं होतं. ते दुकानातून आणावं लागणार होतं, आणि दुकान इंडस्ट्रियल एरियात, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. उद्या शुक्रवारची सुट्टी, आता शनिवारीच, असं पोपटराव मला मराठीत म्हणाले. मग मन्सूरला हिंदीत सांगितलं, की सील लागेल, ते घेऊन बसवावं लागेल. हत्यारं गाडीत टाकली, त्याचा हात हातात घेतला आणि निघताना म्हणाले, "अच्छा मन्सूरभाई, आता हूँ."

मी शेजारीच उभा होतो. माझ्या कानाला काही म्हणजे काही खटकलं नाही.

खोलीवर येऊन जेवलो. पोपटराव झोपले. मी दारात बसलो होतो, आणि तीनच्या सुमारास वायव्येकडून जे आभाळ भरून आलं ते बघून मी आत गेलो. आमच्याकडे असं आभाळ आलं की बायका वाळवणं उचलतात आणि पुरुष गुरं सोडवायला धावतात. इथं काय उचलायचं? वारा सुटला, पत्र्याचं पार्किंग खडखडायला लागलं, मग गारा. पोपटराव उठून, हात बाहेर काढून गारा झेलायला लागले. मी म्हटलं, अहो, वय काय आपलं. ते म्हणाले, पडू दे रे, पडू दे, लोकांनी केवढी वाट बघितलीये.

तेवढ्यात पियूषचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. काका, तुम्ही कुठंय, म्हणाला. खोलीवर, म्हटलं. म्हणजे फार्मवर नाहीच, असं तो पुटपुटला. मग म्हणाला, की फार्मवरची सगळी माणसं मालकाच्या मुलानं गाडीतून वर गावात आणली. मन्सूर तेवढा आला नाही. त्याचा फोन लागत नाही, आणि आता मधल्या ओघळाला पाणी आलंय. मी विचारलं, का आला नाही म्हणून. पियूष म्हणाला, "काका, तो त्यांना म्हणाला की मिस्त्री सील आणायला गेलेत, आता हूँ बोलून गेलेत. ते आल्याशिवाय मी हलणार नाही."

पोपटरावांच्या हातातल्या गारा खाली पडल्या. मी निघताना बोललो होतो ते, म्हणाले. येतो म्हटलं होतं मी त्याला. नुसतं येतो.

आता सांगा, आपल्यात दारातून निघताना जातो म्हणतं का कुणी? जातो म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची, येतो म्हण मेल्या. मराठीत येतो म्हणजे निघतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मन्सूर मराठी थोडाच. त्याच्या भाषेत आता हूँ म्हणजे लगेच परत येतो. पियूषनंच हे फोडून सांगितलं, आणि इतकी वर्षं हिंदी बोलणारे आम्ही दोन शहाणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. किती जणांना आम्ही असं येतो सांगून गेलो असू, देव जाणे.

मला राग आला. पोपटरावांचा आला, माझा आला, त्या मन्सूरचाही आला. मेल्या, आभाळ फाटतंय, मिस्त्री गेला खड्ड्यात, तू जीव वाचव ना.  पण आधी मी इथल्या तातडीच्या ९९९ ला फोन लावला. त्यांनी जागा नीट विचारून घेतली, गाडी पाठवतो म्हणाले, आणि तुम्ही स्वतः पाण्यात जाऊ नका म्हणून बजावलं. पोपटरावांनी तोवर पायात बूट घातले होते. मी म्हटलं, आपण जाऊन काय करणार? ते म्हणाले, "तो माझी वाट बघतोय हरिदास. दुसरं कुणी आलं तर तो उठायचा नाही."

मी गाडीची किल्ली घेतली.

एरवी ज्या रस्त्यानं मी डोळे मिटून जाईन तो त्या दिवशी ओळखू येईना. वायपर नुसते हलत होते. चौकात गाड्या बंद पडलेल्या, पाणी दारांना लागलेलं. मी कडेकडेनं, पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली. पोपटराव शेजारी बसून मन्सूरला फोन लावत होते आणि तीच ती बाई अरबीत आणि इंग्रजीत सांगत होती की फोन बंद आहे. पंपघराला उंबरा नाही, ते पुटपुटले. मी म्हटलं, गप रव्हा. पंपघराला उंबरा नाही हे मलाही माहीत होतं, आणि तो बाहेर पाऊस बघून आत जाऊन बसला असेल, हेच माझ्याही डोळ्यांपुढे येत होतं. मी मोठ्यानं म्हटलं, शहाणा माणूस आहे, चढला असेल कुठंतरी. माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा पाचसुद्धा वाजले नव्हते, पण अंधारून आलं होतं. ओघळाजवळ मी ब्रेक दाबला. ओघळ कसला, नदी झाली होती, तांबडी, झुडपं वाहून नेणारी. पलीकडे काठावर विजेरी हलत होती.

जिता आहे, पोपटराव ओरडले. तोच आहे, जिता आहे.

विजेरी वरखाली, वरखाली. मी म्हटलं, बोलावतोय वाटतं, आणि गाडी जरा पुढं घेतली. आणि मग बघतो तर ती विजेरी खाली उतरायला लागली. हा गाढव आमच्याकडे यायला पाण्यात उतरत होता. गुडघे, मांड्या. मला वाटलं, आता गेला. आम्ही आलो नसतो तर बिचारा काठावर तरी उभा होता. पोपटराव खाली उतरून जीव खाऊन ओरडत होते, वहीं रुको, वहीं रुको, पण त्या आवाजात कुठलं ऐकू जाणार. मन्सूरही काहीतरी ओरडत होता, दोन्ही हात आडवे हलवत होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तो बोलावत नव्हता. तो आम्हाला अडवत होता. आमचे दिवे पुढं सरकताना बघून त्याला वाटलं होतं की आम्ही गाडी पाण्यात घालतोय.

मी गाडी रिव्हर्स घेतली. सरळ मागं, बाभळीच्या झुडपापर्यंत, आणि थांबून दिवे चालू ठेवले. पोपटराव हात वर करून पावसात उभे राहिले, पुतळ्यासारखे. विजेरी थांबली. मग हळूहळू मागं सरकली आणि वर चढली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

सरकारी माणसं मोठी उंच गाडी घेऊन आली. दोघं जण दोर लावून पलीकडे गेले आणि त्याला मधे धरून घेऊन आले. बाकी ठीक होता, फक्त थंडीनं दात वाजत होते. त्यांनी तपासलं, ब्लँकेट दिलं, आणि आम्ही त्याला आमच्या मागच्या सीटवर घेतलं. पोपटराव त्याच्याशेजारी बसले.

काय घडलं ते मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. पंपघरात पाणी शिरायच्या आधीच तो बाहेर पडला होता. बाकीच्यांच्या मागोमाग तो वर जाऊ शकला असता, तेव्हा ओघळाला घोट्याएवढंच पाणी होतं. पण त्याला वाटलं, मिस्त्री सील घेऊन येणार, अंधार पडणार, रस्ता कच्चा, गाडी सरळ आत घालतील. म्हणून तो त्या काठावर विजेरी घेऊन उभा राहिला. गारा पडल्या तेव्हाही तिथंच.

मला आरशात पोपटरावांचा चेहरा दिसत होता. ते सांगणार, असं मला वाटलं. हिंदीतून कसंबसं जुळवून सांगणार, की बाबा, मी येणारच नव्हतो, ती आमची निघायची रीत आहे, मी खोलीवर झोपलो होतो. त्यांनी तोंड उघडलंही.

त्याआधी मन्सूरच बोलला. "वो लोग कहते थे, कोई नहीं आएगा इस बारिश में. मैंने कहा, मिस्त्री बोल के गया है."

"हाँ मन्सूरभाई," पोपटराव म्हणाले. "बोला था. देर हो गई."

कोई बात नहीं, तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. बाहेर पाऊस चालूच होता. पोपटरावांनी वाकून त्याचे ओले बूट ओढून काढले, त्याचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि खोली येईपर्यंत चोळत बसले.