केसांसाठी, रोज एक

पेंटरला खोटं बोलता येत नसे, पण रंगवता फार सुंदर येई. त्यामुळे बायकोच्या गोळ्यांच्या बाटलीवर लेबल चिकटवायची वेळ आली तेव्हा त्याने त्यावर अख्खा रविवार घालवला. गुडघ्यापर्यंत केस सोडलेली एक बाई काढली आणि तिच्या बाजूने वेलीसारखी वळणं घेत जाणारी हिरवी अक्षरं: 'केसांसाठी. रोज एक.' 'केसां'वरच्या टिंबाला तर त्याने मोत्याची चमक दिली. दुकानांच्या पाट्या रंगवून त्याचं पोट चालत असे. ज्या दुकानात धड माल नाही त्याचीही पाटी तो अशी करी की माणूस आत शिरलाच पाहिजे. ही पाटी मात्र कुणी आत शिरू नये म्हणून करायची आहे, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नाही.

बाटलीत केसांचं काही नव्हतं. एचआयव्हीच्या गोळ्या होत्या. रोज एक, सकाळी नाश्त्यानंतर, जन्मभर. तिला हे कुठून लागलं असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. येऊ दे. तो सगळ्यांच्या मनात आधी येतो. 'आता बरी आहेस ना?' हा प्रश्न मात्र कुणाला सुचत नाही. तर, ती बरी होती. सहा वर्षं एकही दिवस न चुकवता गोळी घेत होती, आणि पाच वर्षं तिच्या तपासणीच्या कागदावर एकच वाक्य येत होतं: विषाणू सापडला नाही. म्हणजे रक्तात इतका कमी की यंत्रालाही दिसू नये. गोळी अशी चालू राहिली तर नवऱ्यालाही तिच्यापासून लागण नाही, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. पेंटर ठणठणीत होता. त्याला दुखणं एकच, आईची भीती. "सांगू या की आईला," तो म्हणे, "योग्य वेळ आली की." त्या योग्य वेळेची वाट बघण्यात सहा वर्षं गेली. तेवढ्यात मूल जन्मून शाळेत जातं.

आता सासूबाईंविषयी. त्या तीस वर्षं पोस्टात होत्या, अर्धवट पत्त्याच्या पत्रांच्या टेबलावर. पाकिटावर नुसतं 'काकांना मिळावे' लिहिलेलं असलं तरी त्या बरोबर काका शोधून काढत. निवृत्त झाल्यावर हे कौशल्य घरावर आलं. "या घरात काही हरवत नाही, नीट शोधत नाही कुणी," हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू येई, आणि मग कात्री, किल्ली, पेंटरचा बारीक ब्रश, सगळं त्यांच्या हातून हमखास सापडे. बाकी स्वभाव म्हणाल तर नाकाने कांदे सोलण्याचा. वरच्या मजल्यावरच्या एका माणसाला 'तो' आजार असल्याची नुसती आवई उठली होती, तेव्हा त्यांनी वर्षभर जिन्याच्या कठड्याला हात लावला नाही. दोनदा पाय घसरला, पण तत्त्व सोडलं नाही. सुनेने तेव्हाच कानाला खडा लावला.

सून चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करी. काचा घासून चौकटीत बसवणं, सैल दांड्या आवळणं, आणि कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधायला आलेल्या गिऱ्हाइकांना न हसता तो दाखवणं. गल्लीत तिला चष्मेवालीच म्हणत. तिचे केस दाट होते. त्यात गोळीचं काही कर्तृत्व नव्हतं, तिच्या सगळ्या मावश्यांचे तसेच होते. पण लेबल आणि वेणी एकाच घरात असल्यावर माणूस मावशीकडे कशाला जाईल?

"गोळ्या खाऊन केस आले असते," सासूबाई बाटलीकडे बघत म्हणत, "तर औषधवाले टकले का असते?"

म्हणत, आणि भांगावरून हात फिरवत. तो भांग अलीकडे भांग उरला नव्हता, रस्ता झाला होता.

एका सोळा तारखेला चष्मेवालीने बाटली उचलली आणि तिला आवाज वेगळा वाटला. बारीक स्क्रू डबीत किती उरलेत हे नुसत्या आवाजावरून ओळखणारी बाई ती. तिने गोळ्या टेबलावर ओतल्या. एक तारखेला नव्या तीस गोळ्या या बाटलीत भरल्या, रोज एक घेतली, म्हणजे पंधरा हव्यात. सहा होत्या. तीनदा मोजल्या, तरी सहा.

"पलंगाखाली पडल्या असतील," पेंटर म्हणाला आणि पलंगाखाली बघायच्या निमित्ताने तिथेच बराच वेळ राहिला.

त्याच पंधरा दिवसांत घरात आणखी एक गोष्ट चालू होती. सासूबाईंचं पोट बिघडलं होतं. मळमळ, जुलाब, अन्नावर वासना नाही, उभं राहिलं की चक्कर. कारण अर्थातच सापडलेलं होतं: सुनेचा स्वयंपाक. तेल जास्त. मग तेल कमी केलं, तर मीठ जास्त. मग मीठ कमी केलं, तर म्हणे जेवणात जीव नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली डबा विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या. त्यांनी आपली साखरेच्या दुखण्याची गोळी तळहातावर घेतली, मग कमरेच्या पिशवीतून एक छोटी डबी काढली, तिच्यातली दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी ठेवली आणि दोन्ही एका घोटात गिळल्या. मग फळीवरचा आरसा समोर धरून भांग डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला. समाधान झालेलं दिसलं. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि वर आरशात मिशाही बघतं, हे चष्मेवालीने प्रथमच पाहिलं.

ती हसणार होती. हसू ओठांपर्यंत आलंही होतं. तेवढ्यात तिला औषधं देणाऱ्या खिडकीवरची ताई आठवली. सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीमागे ती खिडकी होती, आणि तिथली ताई पहिल्या दिवशी सगळ्यांना दटावून सांगे: "साखरेची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. या गोळीने ती अंगात जास्त साठते. पोट बिघडतं, पुढे त्रास वाढतो." हसू होतं तिथेच विरलं.

आता सांगितलं तर आपला जिन्याचा कठडा होतो, आणि नाही सांगितलं तर म्हातारी झिजते. इकडे आड तिकडे विहीर. बाटली कुलपात ठेवावी म्हटलं, तर डबी सासूबाईंच्या कमरेला. गेलेल्या नवांपैकी किती पोटात आणि किती डबीत, देव जाणे.

तिने पेंटरला सांगितलं. तो म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे नेऊ. ते काढतील शोधून."

"मला माहीत आहे की रे काय झालंय!"

"हो, पण त्यांनी शोधलं तर बरं नाही का?"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, कागद पाहिले. सासूबाई खुर्चीत, सून शेजारी, पेंटर भिंतीशी. भिंतीवर हात धुण्याचं पोस्टर होतं. पेंटर त्याचं अक्षर तपासत होता.

"दुसरी काही औषधं घेता का? गावठी, जाहिरातीतली?"

"छे!" सासूबाई म्हणाल्या. "मला असल्या थेरांचा तिटकाराच आहे."

"आणि घरात आणखी कुणाची औषधं?"

"छे," पेंटर पोस्टरला म्हणाला.

डॉक्टरांनी पेन उघडलं. "साखरही जरा चढलेली दिसतेय. तीच गोळी दुप्पट करून बघू."

दुप्पट. चष्मेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला पोस्टरमध्ये शुद्धलेखनाची चूक सापडली असावी, इतका तो जवळ गेला होता. तिला त्याचा राग आला, मग सहा वर्षांच्या स्वतःच्या गप्प बसण्याचा आला. शेजारी बसलेली बाई पंधरा दिवसांत किती उतरली होती, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं. या बाईने तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती आणि तापात तिच्या उशाशी रात्रीही काढल्या होत्या. दोन्ही खरं होतं.

"वाढवू नका," ती म्हणाली. "आई माझी गोळी घेतायत. केसांची समजून. ती केसांची नाही. मला एचआयव्ही आहे, त्याची आहे."

पेन थांबलं. डॉक्टर मात्र मुरलेले होते. त्यांनी गोळीचं नाव विचारलं, ते लिहून घेतलं आणि सासूबाईंकडे वळले. "किती घेतल्या?"

"मी कशाला कुणाच्या..."

"आई, किती?" चष्मेवालीने विचारलं.

सासूबाईंनी डबी काढून टेबलावर ठेवली. उघडली. आत दोन होत्या. "सात," त्या म्हणाल्या, आणि तीस वर्षं सरकारी टपाल सांभाळलेल्या त्या बाईने मान खाली घातली.

डॉक्टरांनी डबी काढून घेतली, रक्त तपासायला लिहून दिलं, दोन दिवस काय खायचं, साखरेची गोळी किती घ्यायची ते सांगितलं. "या गोळ्यांनी तुम्हाला तो आजार होत नाही. एका घरात राहून, एका ताटात जेवूनही होत नाही. बंद केल्यात की पोट ताळ्यावर येईल."

"आणि केस?" सासूबाईंनी विचारलं. जीभ, काय करणार, तिला वेळेचं भान नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाली चहाला गेली तर फडताळात पाच कपांच्या रांगेत चारच कप होते. तिचा, निळ्या काठाचा, खिडकीत एकटा ठेवलेला होता. धुऊन, पुसून, उपडा. अपमानसुद्धा या घरात स्वच्छच होई.

तिने त्यातच चहा घेतला आणि गोळी घेतली. रडली ती दुकानात, काच घासायच्या यंत्रावर, कारण त्या आवाजात रडणं कुणाला ऐकू जात नाही.

दुपारी ती खिडकीवरच्या ताईकडे गेली आणि नऊ गोळ्यांचा हिशेब दिला. ताईने नेहमीप्रमाणे कपाळाला आठ्या घालून ऐकायला सुरुवात केली. 'गुडघ्यापर्यंत केस' येईपर्यंत आठ्या टिकल्या. मग ती अशी हसायला लागली की रांगेतली माणसंही हसायला लागली, कशाला ते माहीत नसताना. हसून झाल्यावर तिने गोळ्या दिल्या आणि बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढलं.

पेंटर नवं लेबल करायला बसला. या वेळी चित्र नाही. ठळक लाल अक्षरं: 'हात लावू नये.'

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. दोन दिवसांत त्यांचं ते पहिलं वाक्य होतं. "हे बाटलीबद्दल आहे की बायकोबद्दल?"

पेंटरने लेबल फाडलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचं पोट बरंच सावरलं, आणि शोधण्याची खोडही परत आली. चष्मेवाली कामावरून आली तेव्हा तिची फाइल सासूबाईंच्या मांडीवर होती. कुठे लपवली होती हे विचारण्यात अर्थ नव्हता.

"विषाणू सापडला नाही," त्यांनी बोट ठेवून वाचलं. "नीट शोधला का यांनी?"

"दर वर्षी शोधतात, आई."

"आमच्याकडे तीन वेळा शोधल्याशिवाय 'सापडला नाही'चा शिक्का मारत नसत. इथे पाच कागद आहेत. म्हणजे गेला?"

"गेला नाही," ती म्हणाली. आता खोटं सांगायचं नव्हतं. "आहे. पण गोळीच्या धाकाने बाहेर येत नाही. गोळी सोडली की येईल."

सासूबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे पेंटर दार लोटून बसला होता. "असा एक आहेच आपल्याकडे," त्या म्हणाल्या. मग फाइल बंद केली. "आणि तू सहा वर्षं माझ्या समोर ही गोळी गिळलीस. एकटी."

उत्तराची वाट न बघता सासूबाई फाइल घेऊन उठल्या आणि ती कपाटात जिथे घराचे कागद असत तिथे ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी चष्मेवाली स्वयंपाकघरात गेली. खिडकी रिकामी होती. फडताळात चार कप, मोरीत काही नाही, टेबलावर काही नाही. टाकला, तिला वाटलं. फुटला म्हणून सांगतील. पण आता गप्प बसायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "माझा कप सापडत नाहीय."

"सापडेल कसा?" बाहेरून आवाज आला, आणि मागोमाग चहाचा एक भुरका. "मी पितेय त्यातनं. तू दुसरा घे. आणि आधी खाऊन गोळी घे, पावणेनऊ झाले."